रुआनांच्या धुराड्यातला कावळा

डिंपना रुआन एकतीस वर्षं पहाटे पाचला उठत होती. गजर लावावा लागत नसे. आधी गुडघे जागे व्हायचे, मग ती.

उठलं की थेट चुलीपाशी जायचं. भिंतीतली, माणूस आत उभा राहील एवढी मोठी चूल. गुडघे टेकून रात्री निखाऱ्यांवर घातलेली राख चिमट्यानं हलकेच बाजूला करायची. खाली लाल काही दिसलं की त्यावर टर्फचे चार तुकडे रचायचे, फुंकर घालायची, आणि मग दिवसाला सुरुवात. रात्री हेच उलटं. निखारे एकत्र ओढायचे, त्यांच्यावर राखेचं पांघरूण घालायचं, छातीवर क्रॉसची खूण करायची आणि दिवा मालवायचा. टर्फ सावकाश जळतं. दलदलीतून कापून उन्हात वाळवलेली ती काळी माती राखेखाली रात्रभर धुमसत राहते. पण कोणीतरी नीट पुरली तरच.

रुआनांची चूल चार पिढ्यांत विझली नव्हती. घरात तसं म्हणत आणि गावातही म्हणत. जुनं घर पडलं आणि हे बांधलं, तेव्हा विस्तव फावड्यावर घालून शेतांमधून आणला होता, आणि फावडं धरणाऱ्याच्या भुवया जळाल्या होत्या म्हणे. मेयो परगण्यात अशी घरं पूर्वी पुष्कळ होती. आता बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती.

लग्नाच्या दिवशी होनोरा, म्हणजे डिंपनाची सासू, दारात उभी होती. हातात चिमटा होता. "घे," एवढंच ती म्हणाली. डिंपना बॅलिना शहरातली, कापडदुकानदाराची मुलगी. तिला वाटलं ही काहीतरी रीत असेल, क्षणभर हातात धरायचा आणि परत द्यायचा. तिनं धरला. परत कोणी घेतलाच नाही.

नवरा फेस्टस भला माणूस होता. कमी बोलायचा. नऊ वर्षांपूर्वी दलदलीत टर्फ कापता कापता फावड्यावर रेलला, तो रेललेलाच राहिला. दफनाहून माणसं परतली, चहा झाला, पांगापांग झाली, आणि डिंपना काळ्या कपड्यांतच चुलीपुढे बसून राख ओढायला लागली. मुलगा कोल्म बॉस्टनला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. त्यानं आईला विमानाचं तिकीट पाठवलं होतं. त्याच हिवाळ्यात होनोराचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. ती डिंपनाला 'जा' म्हणाली नाही आणि 'जाऊ नको' असंही म्हणाली नाही. "विस्तव कोण बघणार?" एवढंच तिनं विचारलं. डिंपनानं तिकीट परत पाठवलं. लग्नाचे फोटो आले. ते तिनं कपाटावर उभे करून ठेवले. सून हसरी दिसत होती.

होनोराची खोली चुलीच्या भिंतीमागे होती. खाट भिंतीला लावलेली. म्हातारी दिवसभर उजवा तळहात त्या भिंतीवर ठेवून पडलेली असायची. भिंत कोमट असली की चूल ठीक. वय एक्याण्णव. डोळे धड नव्हते, कान ठीक होते, आणि तळहाताला सगळं कळत होतं.

खरं म्हणजे चूल आता नावाला उरली होती. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर व्हायचा. चहाची किटलीही विजेची. चुलीत दिवसभर टर्फचे दोन-तीन तुकडे तेवढे धुमसत. डिंपनाच्या पाठीला त्याहून जास्त वाहून आणणं झेपत नव्हतं. विझू द्यायची नाही म्हणून न विझलेली चूल, एवढंच.

त्या वर्षी मेची पहिली तारीख रविवारी आली.

मेच्या पहिल्या दिवसाचे नियम डिंपनाला आता पाठ होते. त्या दिवशी घरातून दूध द्यायचं नाही. राख बाहेर टाकायची नाही. विस्तव तर अजिबात उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. गेला तर घराची बरकत त्याच्याबरोबर जाते. आणखी एक होतं. त्या सकाळी गावात पहिला धूर आपल्या घराचा निघता कामा नये. ज्याचा धूर पहिला, त्याच्या वर्षाला नजर लागते. म्हणून शेजाऱ्याचा धूर दिसेपर्यंत राख उघडायची नाही. डिंपनाचा यावर विश्वास होता असं नाही आणि नव्हता असंही नाही. पावसाचं चिन्ह दिसलं की माणूस दोरीवरचे कपडे काढतो, तशी ती हे पाळायची.

त्यांच्या खिडकीतून एकच घर दिसायचं. लावेलांचं.

"धूर दिसतो का गं?" खोलीतून हाक आली. सहा वाजले होते.

"नाही आई."

"मग हात लावू नकोस."

सात वाजले. "आता?"

"नाही."

"झोपलेत वाटतं अजून. ती बाई आळशीच आहे पहिल्यापासून."

आठ वाजता डिंपनानं विजेच्या शेगडीवर लापशी केली. होनोराला भरवली. तोंड पुसलं, कूस बदलून दिली. पुन्हा खिडकीत येऊन उभी राहिली. लावेलांच्या घरावर स्वच्छ ऊन पडलं होतं. घरामागे हिरवी टाकी चमकत होती. डिंपना बराच वेळ त्या टाकीकडे बघत राहिली. शेवटी, साडेनऊच्या सुमाराला, तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

ती खोलीच्या दारात गेली. "आई, लावेलांनी बॉयलर बसवलाय."

"कसला?"

"तेलावरचा. गेल्या ऑक्टोबरात. मी बघायला गेले होते, तुमच्यासाठी केक नाही का आणला? चूल त्यांनी फळी ठोकून बंद केली. त्यांच्याकडे धूर निघणारच नाही. आज नाही आणि उद्याही नाही."

होनोरानं भिंत पुन्हा चाचपली. "मूर्ख माणसं," ती म्हणाली.

कोणाबद्दल, ते कळलं नाही.

डिंपना चुलीपाशी गेली आणि गुडघे टेकले. तेव्हाच तिला राखेवर काटक्या दिसल्या. बोटाएवढ्या, सुकलेल्या, पाच-सहा. बरोबर मेंढीच्या लोकरीचा झुपका आणि वरून काजळीचा ताजा सडा. गेले चार दिवस एखाद-दुसरी काटकी पडत होती. तिला वाटलं होतं, वारा आहे. तिनं चिमटा उचलला आणि वर काहीतरी खरवडलं. थांबलं. पुन्हा खरवडलं. मग आवाज आला, तुटक, घशातला. चॅक. चॅक.

तिला तो ओळखता आला. राखाडी मानेचे ते बारके कावळे दर वसंतात गावभर धुराडी शोधत फिरतात. काटक्या वरून टाकत राहतात. एखादी अडकली की तिच्यावर दुसरी, असं करत घरटं उभं राहतं. चूल एरवी पाचला उघडायची. आज साडेनऊ झाले तरी धुराडं थंड होतं. तेवढ्यात एक कावळा आपल्याच काटक्यांबरोबर खाली आला होता.

तिनं चिमटा खाली ठेवला आणि बार्टली कफला फोन केला.

बार्टली चाळीस वर्षं धुराडी साफ करत होता. साठी उलटलेला, काटकुळा. मानेच्या सुरकुत्यांतली काजळी रविवारच्या प्रार्थनेलाही धुतली जायची नाही. धुराडीवाल्याशी हात मिळवला की भाग्य उजळतं, असं तिथं मानतात. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुली त्याला मुद्दाम बोलावून घेत. धुराडी साफ करण्यापेक्षा त्याला तेच काम जास्त आवडायचं.

तो अकराला आला. चुलीत आडवा झाला. फावड्यावर आरसा ठेवून आत सरकवला आणि बॅटरी मारली.

"आहे," तो म्हणाला. "कमानीच्या वर जिथं वळण आहे ना, तिथं. काटक्यांचा भारा अडकलाय, त्याच्यामागे साहेब बसलेत. माझ्याकडे बघतोय बघा, मीच घरात घुसल्यासारखा."

"निघेल?"

"हात घालून काटक्या ओढाव्या लागतील. मला चुलीत उभं राहावं लागणार." तो उठून बसला. "एक सांगू का बाई? हे कावळे जिवंत धुराड्यात घर करत नाहीत. वास घेतात. बंद घराचं धुराडं शोधतात, नाहीतर पडक्या घराचं."

डिंपनानं राखेवरची एक काटकी उचलली.

"म्हणजे त्यांना वाटलं..."

"कळलं मला," ती म्हणाली.

खोलीतून आवाज आला. "कोण आहे तिथं?"

"मी, बार्टली कफ."

"काळतोंड्या! तू जिवंत आहेस अजून?"

"तुमच्याआधी जायची हिंमत नाही होत, मिसेस रुआन."

"पुढ्यात येऊन बोल ना. चुलीत तोंड घालून काय बोलतोस?"

बार्टली हसला. मग हसू आवरून त्यानं राखेकडे बोट केलं. "खाली विस्तव आहे?"

डिंपनानं राखेवर हात धरला. काल रात्री दहाला पुरलेला. एका जागी, बशीएवढ्या, अजून ऊब होती. बाकी सगळं गार.

"आहे. पण आता उघडून टर्फ घातलं नाही तर दुपारपर्यंत जाईल."

"आणि उघडून टर्फ घातलंत तर काटक्या पेटतील. कावळा भाजेल ते सोडा, धुराडं पेटेल. तुमचं छप्पर जुनं आहे." त्यानं मान हलवली. "हा विस्तव आधी बाहेर काढा."

"आज पहिली मे आहे."

बार्टलीनं टोपी काढली. डोकं खाजवलं. टोपी परत घातली. "अरे देवा," तो म्हणाला. "खरंच की."

"बादलीत घालून तुमच्या गाडीत ठेवता येईल? तासाभरापुरतं?"

"माझ्या गाडीत? बाई, चाळीस वर्षं लोक माझ्या हाताला हात लावतात तो कशासाठी? मेच्या पहिल्या दिवशी मी रुआनांचा विस्तव दाराबाहेर नेला असं कळलं, तर इथून बेलमलेटपर्यंत कोणी मला अंगणात उभं करणार नाही. आणि कळणारच. तुमच्या सासूबाई सांगतील."

"सांगेन!" खोलीतून आवाज आला.

"उद्यापर्यंत थांबलं तर?" डिंपनानं विचारलं.

"कावळा थांबेल कदाचित. विस्तव थांबेल का?"

तिला उत्तर माहीत होतं. ती खोलीत गेली. होनोराचा हात भिंतीवरच होता.

"गार पडतेय," म्हातारी म्हणाली.

"धुराड्यात कावळा आहे, आई. काटक्या अडकल्यात. चूल रिकामी करावी लागणार."

"पक्षी मरतात. दर वर्षी मरतात."

"तो मेला तरी काटक्या तशाच राहणार. चूल पेटवता यायची नाही."

होनोरा छताकडे बघत राहिली. "तू काय करणार आहेस?"

डिंपनाला हा प्रश्न नवा होता. या घरात चुलीबद्दल तिला काय करायचं ते सांगितलं जायचं, विचारलं जात नव्हतं. ती म्हणाली, "विस्तव भांड्यात काढते. घरातच ठेवते."

"भांड्यात जगत नाही तो."

"चुलीतही जगणार नाही."

"कर मग," होनोरा म्हणाली आणि भिंतीवरचा हात काढून पांघरुणात घेतला. "दार उघडं ठेव. मला दिसू दे."

पाव भाजायचं तीन पायांचं लोखंडी भांडं माळ्यावर पडून होतं. डिंपनानं ते काढून पुसलं, तळाशी गरम राख पसरली. मग चुलीतली राख उघडली. आत सात निखारे होते. त्यातले तीन अक्रोडाएवढे. एकेक करून तिनं चिमट्यानं भांड्यात ठेवले, भोवती टर्फचा चुरा घातला आणि वर झाकण ठेवलं, थोडी फट ठेवून. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला चुलीचा दगडी तळ दिसला. मधोमध तो झिजून खोलगट झाला होता.

चुरा धुमसायला लागला आणि स्वयंपाकघरात धूर भरला. बार्टलीनं चुलीत उभं राहून खांद्यापर्यंत हात वर घातला होता. त्याचं डोकं दिसत नव्हतं. खोलीत होनोरा खोकायला लागली. आधी थोडी, मग थांबेचना.

डिंपनानं पळत जाऊन खोलीचं दार ओढलं.

"उघड ते!"

"धूर आहे आई."

"माझं आयुष्य धुरात गेलं. उघड."

"तुमची छाती..."

"माझी छाती मी बघेन. तू विस्तव बघ."

डिंपनानं दार उघडं ठेवलं. भांडं उचललं आणि बाहेरच्या दाराशी नेलं. तिथं निदान वारा होता. ती उंबऱ्याशी थांबली.

"कुठं चाललीस?" खोलीतून प्रश्न आला.

"दाराशी. धूर बाहेर जाऊ दे. भांडं आत आहे."

"उंबऱ्याच्या आत?"

"उंबऱ्याला लागून."

"त्याचा पाय बाहेर गेला तर मला कळेल."

चुलीतून बार्टलीचा घुमणारा आवाज आला. "तीन पाय आहेत त्याला, मिसेस रुआन. कोणता धरायचा?"

"तिन्ही! तू तुझं काम कर, मेल्या."

डिंपना भांड्याशेजारी जमिनीवर बसली. थोड्या थोड्या वेळानं झाकण उचलून चिमूटभर चुरा घालत होती. पाठ दुखत होती. बाहेर मेचं ऊन पडलं होतं आणि समुद्राकडून वारा येत होता. चुलीतून काटक्या पडायचा आवाज येत राहिला. बार्टली त्या मुठी-मुठीनं ओढत होता. काटक्या, लोकर, गवताच्या भाऱ्याची निळी नायलॉनची दोरी, कपड्याचा चिमटा, कोणाचं तरी बसचं तिकीट. ढीग त्याच्या गुडघ्यापर्यंत आला.

"बसनं आला की काय हा!" तो म्हणाला.

डिंपनाला हसू आलं नाही. चूल एवढी निवली होती की पाखरांनाही ती मेलेली वाटली, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. एकतीस वर्षं पहाटे पाचला उठून तिनं नक्की काय जपलं होतं? धूर बाहेरून दिसतही नव्हता. तिनं झाकण उचललं. सातांतले चार काळे पडले होते. तीन लाल होते.

"आला!" बार्टली ओरडला.

काजळीचा एक मोठा लोंढा खाली आला, आणि त्यातून कावळा. तो बार्टलीच्या बाहीला लागला, जमिनीवर पडला, उठला आणि उडाला. खिडकीवर आपटला. कपाटावर गेला. बॉस्टनचे फोटो खाली आले. डिंपना उठली. झाकण तिच्या हातातच होतं.

"दाराकडे हाका त्याला!"

बार्टलीनं ब्रश हलवला. कावळा दाराच्या उजेडाकडे वळला, मग ब्रशला बिचकला आणि उलटा फिरून होनोराच्या उघड्या खोलीत शिरला.

डिंपना जागच्या जागी थिजली. आजाऱ्याच्या खोलीत रानातलं पाखरू शिरलं की त्या घरातून माणूस जातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बार्टलीनं टोपी काढून छातीशी धरली.

मग ती धावली. कावळा खाटेच्या पायथ्याच्या दांडीवर बसला होता. पंख अर्धवट उघडे, चोच उघडी, छाती वेड्यासारखी हलत होती. अंगभर काजळी, फक्त डोळे तेवढे फिकट, जवळजवळ पांढरे. होनोरा त्याच्याकडे बघत होती. किती दिसत होतं तिला, कोण जाणे.

"हलू नका आई."

"मी कुठं हलते दोन वर्षांत?"

डिंपनानं खुर्चीवरचा टॉवेल घेतला. एक पाऊल टाकलं. कावळा उडाला, भिंतीला घासला, पुन्हा दांडीवर आला. भिंतीवर काळा फराटा उमटला. दुसऱ्यांदा ती चुकली. तिसऱ्यांदाही. तिला धाप लागली. ती थांबली आणि खाटेच्या कडेवर बसली. कावळाही थांबला. दोघंही तसेच, हातभर अंतरावर, धापा टाकत. शेवटी तिनं बसल्या बसल्याच टॉवेल टाकला आणि तो त्याच्यावर पडला.

टॉवेलातून हाताला त्याचं वजन लागलं. काहीच नव्हतं. नुसती धडधड.

ती त्याला घेऊन दाराबाहेर गेली, अंगणात मधोमध उभी राहिली आणि टॉवेल उघडला. तो आधी जमिनीवर उतरला, दोन उड्या मारल्या, मग तिरपा उडत छपरावर गेला. धुराड्याच्या काठावर दुसरा कावळा बसला होता. हा त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि अंग झटकायला लागला.

"कृतघ्न," बार्टली दारातून म्हणाला. मग त्याचं लक्ष खाली भांड्याकडे गेलं.

डिंपनानं भांडं उघडं सोडलं होतं. झाकण ती हातात घेऊन धावली होती. दारातला वारा सरळ भांड्यात शिरत होता. वाऱ्यानं निखारे भडकून पांढरे झाले होते आणि जळून संपले होते. ती खाली बसली. चिमट्यानं राख चाळली. अगदी तळाशी एक होता. वाटाण्याएवढा, कडेला लाल.

बार्टली तिच्याकडे बघत होता. मग तो वळला आणि आपले ब्रश गोळा करू लागला, फार आवाज करत.

"डिंपना," खोलीतून हाक आली. "आहे का?"

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हटलं की उद्या पाचला उठायचं नाही. परवा नाही. काडेपेटी फळीवर होती. हवं तेव्हा चूल पेटवायची, नको तेव्हा नाही, जगातल्या इतर माणसांसारखी. म्हातारी रडली असती, किंवा रडलीही नसती. बार्टली काही बोलला नसता. डिंपना चिमटा हातात धरून बसून राहिली. 'नाही' म्हणायचं तिच्या मनात होतं. ते तोंडापर्यंत आलंही.

पण मग तो 'नाही' सांभाळावा लागला असता, म्हातारी असेपर्यंत रोज. तेवढं त्राण तिच्यात नव्हतं.

"एक आहे," ती म्हणाली.

"आण इकडे."

तिनं तो फावड्यावर राखेत घेतला आणि तळहाताचा आडोसा करून खोलीत नेला. होनोरा मान वळवून बघू लागली. तोंड इतकं जवळ नेलं की डिंपनाला वाटलं, आता केस जळतील.

"केवढासा," होनोरा म्हणाली.

"झाकण राहिलं माझ्या हातात."

"मला वाटलं, तो मेला म्हणून सांगशील तू."

"मलाही वाटलं."

होनोरा परत उशीवर टेकली. डोळे मिटले. तशीच म्हणाली, "तुझ्यानंतर कोण आहे गं?"

"कोणी नाही."

"कोल्म?"

"नाही, आई."

"मला ठाऊक आहे. विचारलं आपलं." तिनं नाक ओढलं. "आज घाल चुलीत. मी आहे तोवर ठेव. मला नेतील ना, त्या रात्री निखारे पुरू नकोस. जळू दे सावकाश, जाईल आपोआप."

फावडं कललं. निखारा राखेत घरंगळला. तिनं तो सावरला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांकडे बॉयलर आहेत."

डिंपना तिच्याकडे बघत उभी राहिली. एकतीस वर्षांत कधीपर्यंत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. फेस्टसनं नाही, या बाईनंही नाही. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"बघत काय उभी राहिलीस? गार होतोय तो."

तिनं चुलीच्या खोलगट दगडात तो ठेवला. टर्फचा चुरा, त्यावर बार्टलीनं काढलेल्या लोकरीचा एक धागा, त्यावर कावळ्याच्या दोन काटक्या मोडून. बार्टली गुडघ्यांवर बसून फुंकायला लागला, मग ती, मग पुन्हा तो. काटकी कडकडली आणि पेटली.

"धूर जातोय वर," तो म्हणाला. "धुराडं मोकळं आहे. जाळी बसवायला शिडी घेऊन येतो पुढच्या आठवड्यात. तोवर चूल भडकती ठेवा, बाई. दिवसभर. चार तुकड्यांवर भागणार नाही. ते दोघं वरच बसलेत."

"किती ठेवू?"

"टोपलीभर सकाळी, टोपलीभर दुपारी. त्यांना कळलं पाहिजे, इथं माणसं राहतात."

तो गेला. जाताना त्यानं तिच्याशी हात मिळवला. तिचाही हात त्याच्याइतकाच काळा होता.

डिंपना टोपली घेऊन मागच्या छपरीत गेली. टर्फची रास गेल्या उन्हाळ्यातली, तळाला ओल धरलेली. ती वरचे कोरडे तुकडे निवडून भरत राहिली. टोपली भरली. उचलायच्या आधी ती राशीवर बसली, दोन्ही हात मांडीवर टाकून. आतून हाक आली. तिनं ऐकली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग उठली.